स्टेलरची वही

एका रविवारी सबमिशनची कामं टाळून आम्ही सात-आठ जणी हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसलो होतो. चॅनल बदलता बदलता एकावर थंड समुद्रात पाठीवर तरंगणारे केसाळ प्राणी दिसले. पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडत होते, आणि दोघं जण तर एकमेकांचा पंजा धरून चक्क झोपले होते. रूममध्ये एकच आवाज झाला, सो क्यूट! मग लाईट गेले आणि सगळ्या जणी उठून गेल्या. माझ्या डोक्यात मात्र निवेदकाने जाता जाता घेतलेलं एक नाव राहिलं, जॉर्ज विल्हेल्म स्टेलर. या प्राण्याचं पहिलं सविस्तर वर्णन त्याने केलं होतं.

आधी या प्राण्याला मराठीत काय म्हणतात इथूनच माझी तयारी! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यावर असंच होतं. शेवटी आजीला फोन केला. आजी कोकणातली. तिच्या लहानपणी खाडीत ऊद यायचे, जाळी फाडून मासे पळवायचे, त्यांनाच पाणमांजर म्हणतात, असं तिने सांगितलं. तर आपल्या खाडीतल्या पाणमांजराचा हा लांबचा भाऊ, समुद्री पाणमांजर. अलास्कापासून कामचाटकापर्यंतच्या गारठलेल्या समुद्रात राहतो. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा थर त्याच्या अंगावर नसतो. थंडीपासून वाचायला फक्त फर. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस असतात असं शास्त्रज्ञ सांगतात. ही फरच त्याच्या जिवावर उठली, आणि त्या गोष्टीच्या सुरुवातीलाच स्टेलर उभा आहे.

स्टेलरचा जन्म 1709 मध्ये जर्मनीतल्या विंड्सहाइम गावी झाला. वडील चर्चच्या संगीताचं काम बघायचे. मुलाने धर्मोपदेशक व्हावं असं घरच्यांना वाटणं साहजिक होतं, आणि तो विटेनबर्गला धर्मशास्त्र शिकायला गेलाही. पण मन रमलं वनस्पतींमध्ये आणि वैद्यकात. (घरच्यांनी एक ब्रँच निवडायची आणि मुलाचा जीव दुसऱ्या ब्रँचमध्ये, हे तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा होतंच म्हणायचं.) हाले शहरात काही काळ शिकवलं, पण कायमची जागा मिळेना. तेव्हा रशियात नवी विज्ञान अकादमी निघाली होती आणि जर्मन विद्वानांना तिथे मागणी होती. 1734 मध्ये जखमी रशियन सैनिकांना नेणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून चढून हा पठ्ठ्या सेंट पीटर्सबर्गला पोचला.

तिथे विटस बेरिंगच्या मोहिमेची चर्चा चालू होती. बेरिंग मूळचा डेन्मार्कचा, रशियन नौदलात कप्तान कमांडर. सैबेरिया ओलांडायचा, पॅसिफिकच्या काठावर जहाजं बांधायची आणि पूर्वेला अमेरिका कुठे लागते ते शोधायचं, असा तो अवाढव्य बेत होता. 1737 मध्ये स्टेलरची त्यावर नेमणूक झाली. त्याच सुमाराला त्याने लग्न केलं. बायको ब्रिगिटा ही सैबेरियाचा आधीचा संशोधक मेसरश्मिट याची विधवा. ती नवऱ्याबरोबर निघाली, पण मॉस्कोपर्यंत आल्यावर तिने पुढे यायला नकार दिला. पहिल्या नवऱ्याचं सैबेरियाने काय केलं ते तिने जवळून बघितलं होतं, त्यामुळे मी तिला दोष देणार नाही. स्टेलर एकटाच पुढे गेला.

वाटेत येनिसेस्कला त्याची ग्मेलिन या वरिष्ठ शास्त्रज्ञाशी गाठ पडली. ग्मेलिनचा लवाजमा मोठा, नोकरचाकर, दारूची पिंपं, पुस्तकं. स्टेलरचा सगळा संसार एका बोचक्यात. बिअर असो की वोडका, भांडं एकच. स्वयंपाक स्वतःच करायचा, तोही एकाच भांड्यात. केसांचा टोप नाही, पावडर नाही, पायात कुठलेही बूट चालत. ग्मेलिनला याचं आश्चर्य वाटलं आणि कौतुकही. पण याच माणसाला तोंड आवरत नसे. समोरचा चुकतोय असं दिसलं की स्टेलर ते सांगणारच, आणि असं सांगणार की समोरच्याने जन्मभर लक्षात ठेवावं. आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतो. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो, आणि म्हणूनच कोणी त्याचं ऐकत नाही!

1740 मध्ये तो कामचाटकाला पोचला. तिथल्या इतेल्मेन लोकांमध्ये राहिला, त्यांचं अन्न खाल्लं, कुत्र्यांच्या घसरगाडीवरून फिरला, मुलांसाठी शाळा काढली. कामचाटका म्हणजे अस्वलांचा देश. आजही जगभरातून लोक तिथे कुरील सरोवराकाठी सॅमन मासे पकडणारी तपकिरी अस्वलं बघायला जातात. स्टेलरने या अस्वलांबद्दल लिहून ठेवलंय की बायका रानात बोरंबिरं वेचत असतात आणि अस्वलं त्यांच्या आसपास गुरांसारखी हिंडतात. फार तर वेचलेली फळं हिसकावून खातात, पण बायकांना इजा करत नाहीत. अस्वल म्हणजे राक्षस असं युरोपात मानलं जात होतं, तेव्हा हा माणूस जे दिसलं तेच लिहीत होता.

1741 च्या जून महिन्यात बेरिंगचं सेंट पीटर जहाज कामचाटकाहून निघालं आणि त्यावर स्टेलर होता. (तारखा जुन्या रशियन कॅलेंडरच्या आहेत.) बरोबरचं दुसरं जहाज पंधरा-सोळा दिवसांतच धुक्यात चुकलं. स्टेलरने पाण्यावरचं शेवाळ आणि पक्षी बघून जमीन कुठल्या बाजूला असेल ते सांगावं, आणि खलाशांनी त्याला हसावं, असं चाललं होतं. जुलैच्या मध्यावर अलास्काची बर्फाची शिखरं दिसली. 20 जुलैला कायाक बेटापाशी नांगर टाकला. आता तरी उतरायला मिळणार म्हणून हा उड्या मारतोय, तर बेरिंगचा हुकूम की फक्त पिण्याचं पाणी भरून घ्यायचं. साठीला आलेला बेरिंग थकला होता. त्याला घरी जायचं होतं. स्टेलरने इतकं भांडण केलं की शेवटी एक कोसॅक मदतनीस देऊन त्याला पाणी भरणाऱ्या होडीतून पाठवलं.

आठ-नऊ वर्षं तयारी केलेल्या मोहिमेत अमेरिकेच्या जमिनीवर स्टेलरला जेमतेम दहा तास मिळाले. त्या दहा तासांत त्याने जे केलं ते वाचून दम लागतो. वनस्पती गोळा केल्या. माणसांनी नुकतीच विझवलेली शेकोटी शोधली. जमिनीखालचं कोठार सापडलं, त्यात धुरी देऊन सुकवलेले सॅमन मासे आणि सालींची भांडी होती. कोसॅकने एक निळा, तुरेवाला पक्षी मारला. तसाच एक अमेरिकन पक्षी स्टेलरने एका पुस्तकातल्या चित्रात बघितला होता, त्यावरून त्याने ओळखलं की आपण खरंच अमेरिकेत आहोत. नकाशा नाही, यंत्र नाही, एका पक्ष्यावरून! आज तो पक्षी स्टेलर जे या नावाने ओळखला जातो.

परतीचा प्रवास भीषण झाला. ऑगस्टच्या शेवटी एका बेटावर पाणी भरलं, ते मचूळ होतं. स्टेलरने चांगला झरा शोधून दिला, पण अधिकाऱ्यांनी जवळचं डबकंच पसंत केलं. मग स्कर्व्ही सुरू झाला. हिरड्या सुजतात, दात हलतात, माणूस गळून पडतो. लिंबू-संत्र्याचा उपयोग सिद्ध करणारा जेम्स लिंडचा प्रसिद्ध प्रयोग 1747 चा, म्हणजे स्टेलर गेल्यानंतरचा. पण कामचाटकाच्या लोकांकडून त्याला ताज्या हिरव्या पाल्याचं महत्त्व कळलं होतं. त्याने पाला गोळा करायला माणसं मागितली, मिळाली नाहीत. मग एकट्याने जेवढा आणता आला तेवढा आणला. तो संपेपर्यंत बेरिंगला आणि इतर आजाऱ्यांना उतार पडला, आणि संपल्यावर माणसं पुन्हा पडू लागली. नोव्हेंबरमध्ये जहाज चालवायला हात शिल्लक नव्हते. एक जमीन दिसली. ती कामचाटकाच आहे असं अधिकाऱ्यांनी ठरवून टाकलं.

किनाऱ्यावर उतरल्यावर स्टेलरला शंका आली, कारण तिथले प्राणी माणसाला घाबरत नव्हते. कोल्हे अगदी पायाशी येत होते, पाणमांजरं काठावर निवांत पडली होती. म्हणजे इथे माणूस कधी आलेलाच नाही. ते बेट होतं. आज त्याला बेरिंग बेट म्हणतात. एकही मोठं झाड नाही, नुसता वारा आणि बर्फ. वाळूत खड्डे खणून, वर शिडाचं कापड टाकून माणसं राहिली. ध्रुवीय कोल्हे रात्री येऊन बूट पळवत आणि मेलेल्यांना पुरण्याआधीच कुरतडत. माणसांनीही त्यांचा असा सूड घेतला की वाचवत नाही. स्टेलरनेही कुऱ्हाड चालवली आणि ते लपवलं नाही. डिसेंबरमध्ये बेरिंग गेला. खड्ड्याची वाळू ढासळून त्याच्या अंगावर येत होती, ती त्याने काढू दिली नाही, कारण तेवढीच ऊब. जहाजावरच्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जणांपैकी शेवटी 46 वाचले. ताजं मांस आणि स्टेलरचा पाला यांनी वाचवले.

ते ताजं मांस म्हणजे पाणमांजरं. इथून पुढचा भाग वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं.

सुरुवातीला भुकेपोटी मारली, त्याबद्दल कोण काय बोलणार. पण फरची किंमत सगळ्यांना माहीत होती. चीनचे व्यापारी तिच्यासाठी वाटेल ते मोजत. माणसं जरा बरी झाल्यावर खड्ड्यांत पत्त्यांचा जुगार रंगला आणि पैशांऐवजी कातडी लागू लागली. हरलेला माणूस उठून आणखी मारायला जायचा. कातडं काढून मांस तसंच टाकून द्यायचा. छावणीजवळची पाणमांजरं संपली, मग शिकारीला मैलोन् मैल चालत जावं लागू लागलं. स्टेलर यावर चिडला, त्याने हे सगळं लिहिलं. तरी परतताना जहाजात शेकडो कातडी होती, आणि त्यात त्याचाही वाटा होता.

याच दिवसांत तो पाणमांजराचं निरीक्षण करत होता. आई पाठीवर तरंगत पिल्लाला पोटावर कशी धरते, झोपलेल्या पिल्लाला कशी कुशीत घेते, त्याला पोहायला कशी शिकवते, हे त्याने इतकं बारकाईने लिहिलं की आज टीव्हीवर दिसतं तेच. आणि मग त्याने एक प्रयोग केला. दोन जिवंत पिल्लं उचलून तो चालू लागला. त्यांच्या आया कुत्र्यांसारख्या अंतर ठेवून मागे येत राहिल्या, लहान मूल रडतं तसा आवाज काढत. पिल्लंही तसाच आवाज काढत. तो बर्फात बसला तर त्या अगदी जवळ आल्या, त्याने पिल्लं खाली ठेवावीत याची वाट बघत. त्याने ठेवली नाहीत. आठ दिवसांनी तो त्या जागी परत गेला. त्यांतली एक आई तिथेच होती. हाडं आणि कातडं राहिलं होतं, आणि तो जवळ गेला तरी ती हलली नाही.

हे आपल्याला माहीत आहे कारण त्याने स्वतः लिहिलं. दुसऱ्या कोणी ते पाहिलं नव्हतं. लिहिलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. आम्ही प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग उलटं काढतो (सर, हे वाचत असाल तर मी बाकीच्यांबद्दल बोलतेय). हा माणूस स्वतःविरुद्ध जाणारं रीडिंगसुद्धा वहीत तसंच ठेवतो. मला त्याचा राग आला आणि त्याच पानावर त्याच्याबद्दल आदरही वाटला. दोन्ही अजून आहेत, एकाने दुसरं कमी झालेलं नाही.

त्याच वर्षी त्याला समुद्रगाय नीट बघता आली. सात-साडेसात मीटर लांब, बिनदाताची, उथळ पाण्यात केल्प नावाचं लांबलचक शेवाळ चरणारी, गरीब स्वभावाची. हार्पून मारून दोराने तीस-चाळीस माणसं तिला किनाऱ्यावर ओढत. कळपातल्या बाकीच्या गाई होडी उलथायचा नाहीतर हार्पून काढायचा प्रयत्न करत. एक नर मेलेल्या मादीपाशी दोन दिवस लागोपाठ काठावर येत राहिला. जुलै 1742 मध्ये स्टेलरने एका मादीचं विच्छेदन केलं. पाऊस, थंडी, मदतनीसांना तंबाखूची लाच, आणि तो मापं घेत असताना कोल्हे कागद आणि शाई पळवतायत. नुसतं पोट इतकं मोठं आणि शेवाळाने गच्च भरलेलं की चार दांडग्या गड्यांना दोर लावूनही ते जेमतेम हलवता आलं. सगळी मापं त्याने इंचांत लिहिली. सील, ज्यांना तेव्हा समुद्री अस्वल म्हणत, आणि समुद्रसिंह यांच्यावरही तसंच लिहिलं.

ऑगस्टमध्ये फुटलेल्या जहाजाच्या लाकडांतून छोटं जहाज बांधून ते निघाले. जागा इतकी कमी की स्टेलरला नमुने टाकून यावं लागलं. समुद्रगाईच्या टाळूच्या दोन पट्ट्या आणि कागद एवढंच बरोबर आलं. पंधरवड्याच्या आत ते कामचाटकाला पोचले, तर तिथे सगळ्यांनी त्यांना मेलेलं धरून सामान वाटून घेतलेलं.

स्टेलरने पुढची दोन वर्षं कामचाटकातच काढली. बंडाच्या आरोपाखाली डांबलेल्या इतेल्मेन लोकांना त्याने सोडून दिलं आणि अधिकाऱ्यांच्या छळाबद्दल वर तक्रार केली. त्या अधिकाऱ्यांनीही त्याच्याविरुद्ध तक्रार केली. 1746 मध्ये तो सैबेरिया ओलांडून जवळजवळ युरोपात पोचला होता. सोलिकाम्स्कला एका बागेत बरोबरची रोपं लावली, आणि तिथेच त्याला अटक झाली. चौकशीसाठी पुन्हा इर्कुत्स्कला चल! निम्म्या वाटेत सुटकेचा हुकूम आला. तो पुन्हा उलटा फिरला. या हेलपाट्यांत आणि दारूत शरीर संपलं होतं. नोव्हेंबर 1746 मध्ये त्युमेन गावी तापाने गेला. वय 37. प्रोटेस्टंट असल्याने तिथल्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, तूरा नदीच्या काठी पुरलं. चोरांनी लाल झग्यासाठी कबर उकरली. पुन्हा पुरलं, पुढे नदीने ती जागाच वाहून नेली.

पाच वर्षांनी, 1751 मध्ये त्याची वही लॅटिनमध्ये छापून आली. तोपर्यंत शिकाऱ्यांना वहीची गरजच उरली नव्हती. जहाजातली कातडी बघून 1743 पासूनच टोळ्या बेरिंग बेटाकडे निघाल्या होत्या. पाणमांजरासाठी जायचं आणि वाटेत खायला समुद्रगाय मारायची. 1755 मध्ये याकोव्हलेव्ह नावाच्या खाण अभियंत्याने अर्ज केला की शेजारच्या बेटावरच्या समुद्रगाई संपल्यात, बेरिंग बेटावर तरी बंदी घाला. आपल्या फील्डचा माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो, पण अर्जाचं काही झालं नाही. 1768 नंतर जिवंत समुद्रगाय दिसल्याची खात्रीची नोंद नाही. सापडल्यापासून 27 वर्षं.

पाणमांजर थोडक्यात वाचलं. 1911 मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा सगळी मिळून एक-दोन हजारच उरली होती. आज ती लाखाच्या वर गेलीत. 1970 च्या दशकात जेम्स एस्टेस यांनी अल्यूशियन बेटांवर दाखवलं की पाणमांजर नसेल तर अर्चिन, म्हणजे काट्यांच्या चेंडूसारखे समुद्रजीव, बेसुमार वाढतात आणि केल्पची जंगलंच्या जंगलं खाऊन टाकतात. म्हणून काही शास्त्रज्ञांना वाटतं की समुद्रगाय फक्त हार्पूनने नाही मेली, पाणमांजरं गेल्यावर तिचं कुरणही आटलं असावं. स्टेलरच्या वहीत दोन्ही प्राणी एकाच किनाऱ्यावर आहेत. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली.

समुद्रगाईचे सांगाडे काही म्युझियममध्ये आहेत. पण ती कशी चरायची, पिल्लाला कळपाच्या मध्ये कशी ठेवायची, हे हाडांवरून कळत नाही. जिवंत समुद्रगाय पाहून नीट लिहिणारा शास्त्रज्ञ एकच, त्यामुळे आजही त्याचीच वही उघडावी लागते. तिच्या आवाजाबद्दलही त्यात आहे. ती ओरडायची नाही, फक्त जोराने श्वास घ्यायची, आणि जखमी झाली तर उसासा टाकायची.